बांच्या झोपाळ्याच्या चार सळया

माझा उजवा खांदा छुंद्याच्या बरणीनं धरला. वरच्या फळीवरून ती काढायला हात उंच केला, आतून काहीतरी कुरकुरलं, आणि त्यानंतर हात जो खाली आला तो परत वर जायला तयारच होईना. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं. आमच्या सोसायटीत मात्र ‘मृदुलाबेनचा हात’ एवढंच नाव पडलं, आणि त्याची चौकशी माझ्याआधी होऊ लागली. लोक मला विचारायचे, हात कसा आहे? मी कशी आहे हे कुणी विचारलं नाही.

याला कारण होतं. आणंदला आमच्या सोसायटीत नवरात्राच्या पहिल्या रात्री गरब्यात पुढे मी असते. मी गाते, बाकीच्या झेलतात. मी ज्या टाळीला हात वर करते त्या टाळीला सगळ्या कोंडाळ्याचे हात वर जातात. हे पद मला कुणी निवडून दिलेलं नाही. आधी ते माझ्या सासूबाईंकडे, बांकडे होतं. त्यांचे गुडघे गेले त्या वर्षी त्यांनी भर कोंडाळ्यात माझं मनगट धरून मला पुढे ओढलं आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसल्या. झाला राज्याभिषेक. आता ज्या राणीचा हात कानाच्या पाळीपर्यंतही जात नाही तिनं काय करायचं? बी विंगच्या जागृतीबेन फार गोड स्वभावाच्या. त्या मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, तब्येत पहिली हो, मृदुलाबेन. यंदा हवं तर आपण स्पीकर लावू, पुढे मी उभी राहीन. त्या रात्री मला झोप लागली नाही. खांद्यामुळे नव्हे. स्पीकरमुळे.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं की कप्पीवरून दोर ओढायचा व्यायाम रोज केला तर नवरात्रापर्यंत हात वर जाईल. कप्पी कुठून आणायची हा प्रश्नच आला नाही. आमच्याकडे मुलं कॅनडाला जातात आणि त्यांची मशिनं शेजाऱ्यांकडे येतात. चौथ्या मजल्यावरचा पार्थ गेला तेव्हा त्याचं व्यायामाचं मशीन त्याच्या आईला डोळ्यासमोर नको होतं. ते बघितलं की ती रडायची. तिनं ते आम्हाला देऊन टाकलं. चार माणसांनी जिन्यावरून ते खाली आणलं आणि आमच्या दिवाणखान्यात, बांच्या झोपाळ्यासमोर उभं केलं.

म्हणजे एक लोखंडी चौकट, तिच्या पोटात एकावर एक रचलेल्या वजनाच्या विटा, डोक्यावर कप्पी, आणि कप्पीवरून आलेल्या तारेच्या टोकाला एक हुक. बस. त्या हुकात अडकवायचं काय? दांडा, दोर, मुठी, पट्टे, ज्याला अटॅचमेंट म्हणतात ते सगळं कुठे आहे? पार्थच्या आईनं सांगितलं की ते भंगारवाल्यानं नेलं. का, तर ते सुटं होतं.

अशा वेळी आमच्या घरात एकच उपाय असतो, तो म्हणजे हर्षद. हर्षद माझे धाकटे दीर, न्यू जर्सीला असतात, आणि तिथल्या त्यांच्या तळघरात जगातली प्रत्येक वस्तू दोन-दोन असते. ते म्हणाले, भाभी, माझ्याकडे पूर्ण संच पडलाय, पाठवतो. आता आमच्या चरोतरात, म्हणजे आणंदच्या या भागात, ‘पाठवतो’ म्हणजे पोस्टानं नव्हे. अमेरिकेहून येणारा आमचा माणूस स्वतःच्या सामानाएवढंच दुसऱ्यांचंही आणतो. विमानतळावर बॅग वजन करायच्या आधी सगळ्या नात्यागोत्याला विचारलं जातं की कुणाचे दोन किलो आहेत का. हर्षदनी माझा संच फोडला आणि जो जो इकडे येत होता त्याच्या बॅगेत एकेक तुकडा खुपसून दिला. आणणारे ते तुकडे आपापल्या गावच्या आमच्या नातेवाइकांकडे टाकून गेले, पट्टा करमसदला, दांडा धर्मजला, दोर सोजित्र्याला. मी आणि माझे यजमान किरीट रविवारी स्कूटरवरून ते गोळा करायला निघालो. दोन तासांचं काम, असं किरीट म्हणाले. त्यांना आपले नातेवाईक अजून कळले नाहीत.

कारण कुणालाच ती वस्तू काय आहे हे ठाऊक नव्हतं, आणि आमच्याकडे अमेरिकेहून आलेली वस्तू नुसती ठेवून देणं हा तिचा अपमान समजतात.

करमसदला चिमणमामांनी घोट्याचा पट्टा मनगटावर चढवला होता. जाड, काळा, मऊ अस्तराचा, वर एक चकचकीत कडी. तो रक्तदाब ओढून घेतो, असं त्यांनी आम्हाला समजावलं, आणि कडीतून तो बाहेर जातो. घातल्यापासून त्यांना एकदाही चक्कर आली नव्हती. त्यापूर्वी आली होती का, असं किरीटनी विचारलं. पूर्वीही नव्हती आली, पण तेव्हा भीती वाटायची, असं मामा म्हणाले. हांडवो झाला, चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी पट्टा सोडताना त्यांनी मला बजावलं की इथून पुढे माझं काही झालं तर ते तुझ्या खांद्यावर. माझ्या खांद्याची परिस्थिती त्यांना माहीत होती, तरी असं म्हणाले.

धर्मजला सविताकाकींनी दांड्यावर देवघराचा पडदा टांगला होता. मशीनचा दांडा दोन्ही टोकांना खाली वाकलेला असतो, हातांना सोयीचं म्हणून. काकींचं म्हणणं, पडदा घसरू नये म्हणूनच तो तसा वाकवलाय, अमेरिकेतले लोक किती विचार करतात बघ. मी म्हटलं, काकी, हा व्यायामाचा आहे. त्या म्हणाल्या, अगं, आमचा पडदा ओढायलाही जोर लागतोच. देवाचा पडदा उतरवायचा तर आधी देवाला विचारायला हवं म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि देव बराच वेळ काही बोलेना, तोवर आम्ही गाठिया खाल्ले. देवानं परवानगी दिली ती नवीन दांड्याच्या बोलीवर. पडद्याची एक रिंग अजून आमच्या दांड्यावर आहे.

सोजित्र्याचं सांगायला मला जरा थांबावं लागतं. तिथे आमचे अंबुकाका असतात, बांचे चुलत दीर. काकी गेल्यापासून एकटेच. आम्ही पोचलो तेव्हा ते पलंगावर झोपले होते, आणि पलंगाच्या वर, छताच्या कडीला, माझा दोर बांधलेला होता. जाड काळा, दोन्ही टोकांना रबरी गोळे असलेला. आम्हाला बघून काकांनी हात वर केला, गोळा पकडला, आणि अलगद उठून बसले. कुणालाही हाक न मारता. मग मला म्हणाले, ‘हर्षद किती दुरून बघतो बघ. त्याला न सांगता कळलं की मला उठता येत नाही.’

किरीटनी माझ्याकडे बघितलं, मी किरीटकडे. काकांनी विचारलं, तुम्ही सहज आलात ना? सहजच, असं मी म्हटलं.  येताना आणंदच्या फाटकापाशी किरीट म्हणाले, दांडा आहे की आपल्याकडे. दांडा पुष्कळ झाला.

दांडा बसवायला रसिककाका आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आमच्या सोसायटीत पान्याचा आवाज झाला की ते येतात. आयुष्यभर त्यांनी डेअरीत दूध घुसळणारी यंत्रं सांभाळली, त्यामुळे कुठलंही यंत्र बघितलं की त्यांना त्यातली साय दिसते. त्यांनी चौकटीभोवती एक फेरी मारली, कप्पीवर टिचकी मारली आणि किरीटना तूप आणायला सांगितलं. गाईचं हवं म्हणाले. कप्पी तुपानं माखली. मग हुकात दांडा अडकवला, आणि पाना, तूप, दांडा, सगळं जिथल्या तिथे झाल्यावर रसिककाका मागे सरून म्हणाले, ‘चला मृदुलाबेन, धरा.’

मी वर बघितलं. दांडा माझ्या डोक्यावर हातभर होता.

म्हणजे बघा. हात वर जावा म्हणून मशीन. मशीन चालावं म्हणून दांडा धरायला हवा. दांडा धरायचा तर हात वर जायला हवा. किरीटनी आणि रसिककाकांनी आधी दांड्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. झोपाळ्यावर बसून बा शेंगदाणे सोलत होत्या.

किरीट म्हणाले स्टुलावर उभी राहा. राहिले. ओढल्यावर वजन जागचं हललं नाही, स्टूल हललं. पुढचा तपशील मी देणार नाही. रसिककाका म्हणाले की ओढायची रीत चुकली, आणि किरीटना म्हणाले, तुम्ही दाखवा. आमचे किरीट अंगानं काडी. वजन किती लावायचं याची खुंटी रसिककाकांनी तळाच्या विटेत घातली, कारण डेअरीत अर्धी टाकी कधी चालवत नाहीत. किरीटनी दांडा धरला, दोन्ही पाय उचलले, सगळा भार टाकला. वजन खाली राहिलं. नवरा वर राहिला. तुपामुळे कप्पी एवढी सुरेख चालत होती की ते तिथे लटकून मंद झुलू लागले, आणि बांनी शेंगदाणे सोलायचं थांबवलं. नंतर वजन कमी करून पुन्हा प्रयोग झाला. तेव्हा तुपानं माखलेले हात सुटले आणि सगळ्या विटा धाडकन खाली आल्या.

पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचे महेंद्रभाई दारात. ते सोसायटीचे सेक्रेटरी. बोलताना ते नेहमी जिन्याच्या एक पायरी वर उभे राहतात. त्यांच्या पंख्याची वाटी निसटून ताटात पडली होती. घरात गिरणी बसवायला बंदी आहे, असं त्यांनी सांगितलं. किरीट म्हणाले की ही गिरणी नाही. महेंद्रभाईंनी आत डोकावून बघितलं. चाक आहे, तार आहे, वजन आहे, आवाज आहे, असं म्हणाले, पीठ नाही एवढंच. विषय कमिटीपुढे ठेवू, तोवर मशीन बंद. कमिटी नवरात्रानंतर बसणार होती. नवरात्राच्या तयारीमुळे.

रात्री हर्षदना फोन लावला. त्यांनी व्हिडिओवर मशीन बघितलं आणि कपाळाला हात लावला. दांडा खाली आणायला मध्ये एक साखळी लागते, भाभी. मग ती कुठे आहे? ती होती, पण जड होती. सविताकाकींकडे येणाऱ्या बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा साखळी काढली आणि चॉकलेटं राहू दिली.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसत बसले. पुसलेला ओटा परत पुसला. डाव्या हातानं. जागृतीबेनना उद्या सांगून टाकावं, स्पीकर लावा म्हणावं, असं मनाशी ठरवत होते, तेवढ्यात बाहेरून बांचा आवाज आला.

‘किरीट, माझ्या झोपाळ्याच्या सळया काढ.’

हे वाक्य आमच्या घरात कधी बोललं जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. बांचा झोपाळा त्यांच्या लग्नातला. सागवानी पाट, त्याला चार कोपऱ्यांना पितळी सळयांच्या चार साखळ्या. वीत-वीतभर सळई एकीत एक अडकवलेली, सांध्यावर कुठे हत्ती, कुठे मोर, आणि प्रत्येकाला घुंगरू. सासरे याच झोपाळ्यावर बसून गेले. माझं लग्न यावरच ठरलं, म्हणजे बा यावर बसल्या होत्या आणि मी समोर उभी होते. बा सकाळी पायाच्या अंगठ्यानं जमीन रेटून जो झोका घेतात तो रात्री थांबतो.

मी म्हटलं, बा, असं नका करू. त्या म्हणाल्या, तुझा हात नसला तर पहिल्या रात्री मी काय त्या स्पीकरकडे बघत बसू?

किरीटनी हिशेबानं काम केलं. एकाच बाजूची सळई काढली तर पाट तिरका होईल, म्हणून प्रत्येक साखळीतून एकेक काढली. चार सळया एकमेकींत अडकवल्या, वरचं टोक मशीनच्या हुकात, खालचं दांड्यात. दांडा माझ्या खांद्याशी येऊन थांबला. मी तो धरला. सगळ्यात हलकी वीट लावली, ओढलं, सोडलं, आणि तारेनं माझा हात हळूच बोटभर वर नेला. दुखलं. पण गेला. हत्ती-मोर झुलले, घुंगरं वाजली. किरीटनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा बा झोपाळ्यावर बसायला गेल्या. बसायला म्हणजे चढायला. सळया काढल्या तर पाट वीतभर वर जाणार, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पान्याचा आवाज ऐकून परत आलेल्या रसिककाकांच्या तर नाहीच. किरीटनी हात देऊन बांना बसवलं. बांनी सवयीनं अंगठा टेकायला पाय ताणला. पाय जमिनीला पोचला नाही. शाळेतल्या बाकावर बसलेल्या छोट्या मुलीसारखे त्यांचे दोन्ही पाय अधांतरी. बांनी ते बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या, ‘झोका द्या.’

पहिला झोका किरीटनी दिला, दुसराही दिला, आणि सकाळी त्यांना बँकेची वेळ झाली. बँक रोज असते. त्यामुळे झोका माझ्याकडे आला. कढी ढवळता ढवळता हाक यायची, मृदुला, झोका. कणीक मळता मळता, मृदुला, झोका. चहा पिताना, वर्तमानपत्र वाचताना, शेजारीण आली असताना. डावा हात कशात ना कशात अडकलेला असायचा, म्हणून मी उजव्यानं रेटायची. बांचं तंत्र मोठं कडक. अर्ध्या हातानं रेटलं तर चालायचं नाही, जेवत नाहीस का, असं विचारायच्या. शेवटपर्यंत रेट. पाट लांब जाईस्तोवर हात सोडू नकोस. मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही म्हणत असे. ते इथे लिहीत नाही.

राहिला प्रश्न महेंद्रभाईंच्या बंदीचा. मी ठरवलं की विटा आपटायच्या नाहीत, हळू ओढायचं, सकाळी सकाळी उरकायचं. पण घुंगरांचं काय? दुसऱ्या दिवशी मी दांडा ओढतेय तोच दाराची घंटी वाजली. महेंद्रभाईंच्या पत्नी इंदुबेन. डोक्यावर पदर, हात जोडलेले. म्हणाल्या, केवढी प्रसन्न घंटा वाजते हो तुमच्याकडे, आमच्या देवघरात ऐकू येते. नवरात्राआधीचं काही अनुष्ठान आहे का? मी तोंड उघडायच्या आत झोपाळ्यावरून बा म्हणाल्या, अंबामातेसाठीच चाललंय सगळं. हे खोटं नव्हतं. मी मागे घामाघूम उभी, हातात पडद्याची रिंग असलेला दांडा. इंदुबेननी मला नमस्कार केला. मी खडीसाखर दिली.

त्यानंतर ती वेळ साधून माणसं येऊ लागली. आधी इंदुबेन, मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी, मग रसिककाका, ते तुपाची वाटी घेऊन. महेंद्रभाई एकदा जिन्यापर्यंत आले, मशीन चालू असल्याची तक्रार करायला. इंदुबेन आतून म्हणाल्या, ‘आता पूजेलाही हरकत घ्या.’ ते पायरी उतरले. त्यानंतर कमिटीपुढे विषय गेला नाही.

हात कानापर्यंत आला. मग कानाच्या जरा वर. मशीनमुळे, असं रसिककाका म्हणायचे, तुपामुळे म्हणायला ते लाजत नसत. इंदुबेनचं मत सर्वांना ठाऊकच आहे. चिमणमामांनी करमसदहून फोन करून सांगितलं की पट्टा बांधतेस ना, कडीतून सगळं बाहेर जाईल. कानाच्या वर मात्र तो अडला. नवरात्र येऊन ठेपलं तरी अडलेलाच.

पहिली रात्र. चौकात मधोमध गरबो, म्हणजे भोकाभोकांचं मातीचं मडकं, ठेवलेला, आत दिवा, भोकांतून बाहेर सांडणारा उजेड. कडेला खुर्चीत बा, पांढऱ्या साडीत, हातात छाशचा पेला. सगळ्याजणी कोंडाळं करून उभ्या राहिल्या. जागृतीबेन माझ्या बरोब्बर मागे, स्पीकर झाडाखाली, तार जोडून तयार. मी बांकडे बघितलं. बांनी हनुवटीनंच खूण केली, सुरू कर.

मी आवाज लावला. मागून सगळ्यांनी झेलला. पहिल्या दोन टाळ्या खालच्या, त्या झाल्या. तिसरी वरची. हात निघाला, खांदा ओलांडला, कान ओलांडला, आणि तिथे, रोजच्यासारखाच, थांबला. डोक्यावर पोचलाच नाही. सगळं कोंडाळं माझ्या हाताकडे बघत होतं. आता काय करायचं? गाणं तर थांबवता येत नाही. मी हवेतच मूठ आवळली, दांडा धरल्यासारखी, आणि हात खाली ओढला. आणि खाली आलेला हात पंजा उघडून पुढे रेटला, शेवटपर्यंत, पाट लांब जाईस्तोवर. मग टाळी. दुसरं काही सुचलंच नाही. हाताला एवढंच येत होतं.

पण आमच्याकडे पुढची करते ते मागच्या करतात. विचारत नाहीत. सगळ्या कोंडाळ्याची मूठ हवेत आवळली गेली, सगळ्यांनी दांडा ओढला, सगळ्यांनी झोका दिला. टाळी एक पडली. दुसऱ्या फेरीत ती इतकी जमली की कडेचे पुरुष उठून उभे राहिले. स्पीकर झाडाखालीच राहिला.

दमून बसलो तेव्हा जागृतीबेन छाश घेऊन शेजारी आल्या. म्हणाल्या, ‘हे नवीन कुठलं, मृदुलाबेन? बडोद्याचं का?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तिकडे हल्ली हेच चालतं.’

किरीटना ठसका लागला. तिसऱ्या रात्री पलीकडच्या सोसायटीतही मुठी आवळताना दिसल्या. आमच्या जागृतीबेननी तिकडे शिकवलं होतं, जरा वेगळं करून.

दिवाळीच्या सुमाराला हर्षदची साखळी आली. कुणाच्या तरी बॅगेतून, अर्थात. मधे एका वासराच्या गळ्यात राहून आली, असं वासावरून वाटलं. चांगली भक्कम, काळी, बिनघुंगरांची. किरीट आणि रसिककाका पाना घेऊन उभे राहिले. आता बांच्या सळया बांना परत, झोपाळा जिथल्या तिथे, असं किरीट मोठ्या समाधानानं म्हणाले. मला वाटलं, बा खूश होतील. त्या पाटावर बसल्या होत्या, पाय अधांतरी, हातात शेंगदाणे.

‘राहू दे,’ बा म्हणाल्या. ‘पाय टेकले की मला झोका कोण देणार?’

किरीटनी पाना खिशात घातला. ती साखळी सविताकाकींना पाठवली, देवाच्या पडद्यासाठी. मी कढीखालचा गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, आणि बांच्या मागे जाऊन उभी राहिले.